पाळण्यातून दिसलेली कुस्ती

सेलूच्या स्टेशनात मालगाडीतून लोखंडी कमानी उतरल्या, त्या दिवशी कापूस घेऊन आलेल्या निम्म्या गाड्या जिनिंगकडे न जाता स्टेशनाबाहेरच थांबून राहिल्या. कमानी कसल्या, हे कळायला वेळ लागला नाही. बोरखेडीच्या खंडोबाच्या जत्रेत त्या साली इंजनावर फिरणारा पाळणा येणार होता. गाडीवान आपापल्या गावी परतले आणि प्रत्येकाने पाळण्याची उंची थोडी थोडी वाढवून सांगितली. बातमी वालूरच्या बाजारात पोचली तोवर पाळणा जिनिंगच्या धुराड्याहून उंच झाला होता, आणि वर बसलं की परभणी दिसते, असंही कुणीतरी स्वतः पाहून आल्यासारखं सांगत होतं.

निजामाचं राज्य जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. रझाकारांच्या धामधुमीत बंद पडलेली जत्रा पुन्हा चांगली भरू लागली होती, पण भरायची ती जुन्याच रीतीने. टेकाडावर देऊळ. देवळाच्या पायऱ्यांपासून खाली चिंचेच्या झाडापर्यंत कासारांची आणि हलवायांची दुकानं, आणि चिंचेखाली लिंबाजी सुताराचा चार पेट्यांचा लाकडी पाळणा. तो लिंबाजी स्वतः हाताने ओढून फिरवी. हा सगळा भाग बायका-लेकरांचा. चिंचेच्या पलीकडे मोकळं माळरान, माळाच्या कडेला बाभळींची दाट रांग, आणि बाभळींच्या खाली ओढ्याच्या खळग्यात कुस्त्यांचा फड. दुपार कलली, हलगी वाजली, की पुरुष तिकडे उतरत. बाया अलीकडेच राहत. तिकडे जाऊ नये असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची पाळीच कधी आली नव्हती.

केवळाबाई दरसाल देवळाच्या पायऱ्यांशी घोंगड्या घेऊन बसायची. धनगराचं घर, मेंढरं घरची, लोकर घरची. मार्गशीर्षातली थंडी असल्यामुळे घोंगड्यांना गिऱ्हाईक असायचं. तिचा नवरा ग्यानबा फडात कुस्ती धरायचा. लग्न होऊन ती या घरात आली त्याच्याही आधीपासून धरायचा. पण केवळाबाईने त्याची एकही कुस्ती पाहिलेली नव्हती. खळग्यातून आरडाओरडा उठायचा तेव्हा तिचा हात घोंगडीवर थांबायचा. हा गलका त्याच्या नावाने आहे की त्याच्या पाडावाचा, हे तिला कळायचं नाही. दिवस मावळता तो चढ चढून यायचा. डोक्याला नवा फेटा असला तर जिंकला, आणि गुमान येऊन शेजारी बसला तर हरला. घरी गेल्यावर ती कोमट तेलाने त्याचा उजवा गुडघा चोळायची. एकदा, नवीन होती तेव्हा, तिने विचारलं होतं की कुस्ती कशी झाली. त्याने सांगितलं, "झाली." त्यानंतर तिने विचारलं नाही. ग्यानबा मुळातच कमी बोलणारा. रागीट नव्हता, घुम्याही म्हणता आलं नसतं, पण मेंढरांमागं दिवस काढता काढता त्याची बोलायची सवयच मोडली होती.

त्या साली त्याने ठरवलं होतं की ही कुस्ती शेवटची. दाढीत पांढरं दिसायला लागलं होतं आणि गुडघा ऐकेनासा झाला होता. पण हे केवळाबाईला त्याच्याकडून कळलं नाही. गावचे मालीपाटील दिनकरराव जत्रेचे पंच होते, त्यांना त्याने सांगितलं, आणि पाटलांच्या गड्याकडून ते धनगरवाड्यात आलं. केवळाबाईला ते थोडं लागलं. इतकी वर्षं ज्याच्यापायी नुसतं तेल चोळलं, ते आता न पाहताच संपणार होतं.

पाळण्याचा मालक बन्सीधर जालन्याकडचा. त्याला पाळणा उभा करायला सपाट जागा हवी होती आणि ती माळावरच होती, बाभळींना लागून. दोन दिवस कमानी जोडण्यात गेले. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी इंजन सुरू झालं, पट्टा फिरला, आणि बारा पेट्यांचं ते चाक देवळाच्या कळसाच्या वर जाऊन खाली यायला लागलं.

पहिल्या दिवशी जत्रेची घडीच विस्कटली. देवाचं दर्शन घेऊन लोक पायऱ्या उतरायचे आणि दुकानांकडे न बघता सरळ माळावर जायचे. सकाळी कासारांच्या पुढ्यात बसलेल्या बाया हातात निम्म्या बांगड्या भरून उठल्या. दुपारपर्यंत कासारांनीच आपल्या बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकल्या आणि तेही रांगेच्या मागे गेले. त्यांच्यामागे हलवाई गेले, फुटाणेवाले गेले. केवळाबाईनेही शेवटी गाठोडं उचललं. माळावर आल्यावर तिला दिसलं की रांग एकच आहे आणि तीत सगळेच आहेत. वालूरचे बागाईतदार, सालगडी, मेंढके, लेकुरवाळ्या बाया, नवे जावई. रांगेत जो पुढे तो पेटीत आधी, एवढाच कायदा. लिंबाजीचा लाकडी पाळणा मात्र चिंचेखाली रिकामा उभा होता आणि लिंबाजी त्याच्या एका पेटीत स्वतःच बसून समोरचं मोठं चाक बघत होता.

दुपारी हलगी वाजली तेव्हा खळग्यात नेहमीच्या चौथाईही माणसं उतरली नाहीत. पंच बसलेले, हलगीवाले वाजवतायत, आणि फडाच्या कडेला तुरळक म्हातारे. पहिल्या जोडीतला एक पैलवान तर लढता लढता मान वर करून पाळण्याकडे बघायला लागला आणि तेवढ्यात चीत झाला. हरल्यावरही त्याला फार वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. उठून अंग झटकत तो रांगेकडे गेला.

दिनकरराव तापले. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून हा फड भरत होता. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर पंच बसले, बन्सीधरला बोलावणं गेलं. कुणी म्हणालं, कुस्त्या चालू असेतो इंजन बंद ठेवा. बन्सीधरने हात जोडून सांगितलं की थंडीत इंजन एकदा गार पडलं की पुन्हा धरायला तास तास लागतो, आणि इतक्या लांबून आलेली बायका-लेकरं माळावर उन्हात तिष्ठत राहतील. बायका-लेकरं हा शब्द निघाला तसा दिनकररावांना मार्ग सापडला. त्यांनी सांगितलं, "उद्यापासून हलगी वाजली की गड्यानं पाळण्यात पाय ठिवायचा न्हाई. बाया बसू द्या, लेकरं बसू द्या. गडी समदे फडात पायजेत."

सगळ्यांना ते पटलं. इंजन चालू राहणार होतं आणि फडही भरणार होता. पंचांपैकी कुणीही पाळण्यात बसलेलं नव्हतं, त्यामुळे वरून काय दिसतं याचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी पाटलांचा हुकूम गावोगाव पोचला होता, आणि त्याने गर्दी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. आदल्या दिवशी ज्या घरांनी सुना-लेकींना परक्या गड्यांच्या रांगेत उभं राहू दिलं नव्हतं, त्याच घरांनी आता गाड्या जुंपल्या. दुपारनंतर पाळण्यात नुसत्या बायाच आहेत म्हटल्यावर सासवांनाही नाही म्हणायला जागा राहिली नाही. बऱ्याच सासवा स्वतःच निघाल्या. मोठ्या चाकाला भिणारी बारकी पोरं मग लिंबाजीकडे आली. आया रांगेत आणि पोरं चिंचेखाली, अशी वाटणी झाली आणि लिंबाजीचे हात दुपारपासून थांबले नाहीत.

केवळाबाईने आपलं गाठोडं त्याच्याजवळ ठेवलं आणि ती रांगेत उभी राहिली. ग्यानबा सकाळीच खळग्यात गेला होता. कुस्ती शेवटची असल्याचं त्याने अजूनही तिला सांगितलं नव्हतं. ती रांगेत उभी राहिली ती कुस्तीसाठी नव्हे. सगळ्या जणी जातायत, आपणही एकदा वर जाऊन यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

तिचा नंबर आला तेव्हा पेटीत तीन जणी आधीच बसलेल्या होत्या. दोघी वालूरच्या जावा, एकमेकींना घट्ट धरून डोळे मिटलेल्या. तिसरीला पाहून केवळाबाई थबकली. त्या दिनकररावांच्या मालकीणबाई होत्या, कमलबाई. जरीकाठी लुगडं, अंगावर शाल. धनगराच्या बाईने त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं म्हणजे काय, असं तिला झालं, पण बन्सीधरच्या माणसाने मागून पेटीची कडी लावलीसुद्धा. कमलबाईंनी पदर आवरून जागा केली आणि त्या हळूच म्हणाल्या की भीती वाटत असेल तर माझा हात धर. केवळाबाईला भीती वाटत नव्हती. ती कमलबाईंनाच वाटत होती.

चाक हललं. माणसं खाली गेली, चिंच खाली गेली. मग बाभळींचे शेंडे पायांखाली आले आणि केवळाबाईला खळग्यात एक लाल, गोल मैदान दिसलं. भोवती पांढऱ्या मुंडाशांचं कडं, आणि मधे दोन माणसं.

तिला आधी कळलंच नाही. जमिनीवरून तिकडे बघितलं तर बाभळी आणि पुरुषांच्या पाठी याच्यापलीकडे काही दिसायचं नाही, आणि ती इतकी वर्षं तेवढंच बघत आली होती. मधल्या दोघांतला एक कोवळा, उंच. दुसरा बुटका, रुंद, सगळं अंग मातीने माखलेलं. दोघांनी हात मिळवले, शड्डू ठोकले. बुटका थोडा वाकून उभा राहिला, उजवा गुडघा जरा आखडता घेऊन. त्या गुडघ्यावरून तिने नवऱ्याला ओळखलं. तेवढ्यात पेटी खाली आली आणि पुन्हा सगळं बाभळींच्या आड गेलं. कानावर नुसता गलका येत राहिला.

पेटी पुन्हा वर गेली तेव्हा ग्यानबा खाली होता. हात आणि गुडघे टेकून तो मातीला चिकटून होता आणि तो कोवळा पैलवान, सेलूच्या तालमीतला चंद्रभान, त्याच्या पाठीवर बसून त्याला उलथवायला बघत होता. कमलबाईंनीही आता खाली पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, "तो खालचा कोण गं?"

"आमच्या घरचे हायेत," केवळाबाई म्हणाली.

कमलबाई तिच्याजवळ सरकल्या. त्यांनी तिचा हात धरला, आणि या वेळी तो आपली भीती घालवायला नव्हता.

पेटी खाली आली. गलका वाढला. केवळाबाईला वाटलं झालं, संपलं. वर गेली तर दोघं उभे, एकमेकांपासून सुटे, छात्या वरखाली होतायत. तो त्या मिठीतून सुटला कसा, ते तिला दिसलंच नव्हतं. फेरा संपत आला. खाली बन्सीधरचा माणूस कडी काढायला पुढे झाला, पण आत पाटलीणबाई आहेत म्हटल्यावर घुटमळला. कमलबाईंनी त्याला सांगितलं की आम्ही अजून बसणार आहोत. वालूरच्या जावा डोळे मिटलेल्याच उतरल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आल्या. त्यांना कमलबाईंनीच सांगितलं, वर गेल्यावर डावीकडं बघा. त्या दोघींनी पुढच्या पेटीतल्या बहिणीला ओरडून सांगितलं, तिने तिच्या पुढचीला. पाळणा निम्मा वर जाईतो बाराच्या बारा पेट्यांतल्या माना डावीकडे वळलेल्या होत्या.

मग खाली माणसं चढवायला चाक थांबलं आणि केवळाबाईची पेटी नेमकी शेंड्यावर राहिली. वारा होता. पेटी जराशी हलत होती. तिला फड तळहातावर ठेवल्यासारखा दिसत होता.

ग्यानबाने चंद्रभानची मान धरून त्याला कमरेवर घेतलं आणि फेकलं. सगळा फड उठला. पण पोरगं खांद्यावर पडलं, पाठ लागली नाही, आणि पडता पडताच त्याने ग्यानबाचा उजवा पाय ओढला. तो गुडघा मुडपला. केवळाबाईच्या तोंडून आवाज निघाला. दोघं मातीत गुंतून पडले, कधी हा वर, कधी तो, आणि कुणीच कुणाला सोडेना, कुणीच कुणाला चीत करेना. चाक पुन्हा फिरलं, पुन्हा थांबलं, आणि केवळाबाईची पेटी परत वर आली तोवर सूर्य बाभळींना टेकला. शेवटी दिनकररावांनी मधे येऊन दोघांच्या पाठीवर हात ठेवला आणि कुस्ती बरोबरीत सोडवली.

लोक आत धावायच्या आधी एक गोष्ट झाली, ती बहुतेक फक्त वरूनच दिसली. चंद्रभान डोळे चोळत होता, माती गेली होती. ग्यानबा लंगडत त्याच्याजवळ गेला, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, अंगठ्याने पापणी उचलली आणि हलकी फुंकर घातली. डोळ्यात कुसळ गेलेल्या कोकराला तो असाच धरायचा. केवळाबाईने ते घरी शंभरदा पाहिलं होतं. हा माणूस खाली मातीत कुणी दुसराच होत असेल, असं तिला उगीच वाटत आलं होतं. तसं काही नव्हतं.

कमलबाई एकाएकी उभ्या राहिल्या. पेटी डुगडुगली. त्यांनी वरूनच मोठ्याने सांगितलं, "दोघांनाही उचला!" बाकीच्या पेट्यांतून टाळ्या वाजल्या, कुणी येळकोट केला. खळग्यातली सगळी मुंडाशी वर वळली. दिनकररावांनीही मान वर केली आणि आपली बायको त्यांना आभाळात उभी दिसली. काही क्षण ते तसेच बघत राहिले. मग ते खाली वाकले आणि फार लक्षपूर्वक फेट्याची घडी उलगडू लागले. दोन फेटे बांधले गेले आणि दोघांनाही खांद्यावर उचललं गेलं.

दिवस मावळता ग्यानबा चढ चढून आला. केवळाबाई चिंचेखाली बसली होती. लिंबाजीने पेटवलेल्या शेकोटीवर तिने तेलाची वाटी कोमट करून ठेवली होती. घरी जाईतो थांबायला नको म्हणून तिने इथंच त्याचा पाय मांडीवर घेतला. तो गुमान बसला. गुडघा चोळता चोळता ती म्हणाली, "त्या पोरानं पाय वढला तवा ह्योच मुडपला न्हाई का?"

ग्यानबाने तिच्याकडे पाहिलं. "तुला कोनी सांगितलं?"

"म्या बगितलं."

लिंबाजी शेवटच्या पोरांना फिरवत होता, लाकडाचा करकर आवाज येत होता. मग ग्यानबाने विचारलं, "समदं बगितलंस?"

तिने सांगितलं की वर गेल्यावर दिसायचं, खाली आल्यावर नाही. आणि मग तिने जे दुपारपासून मनात होतं ते विचारलं. "तुमी त्याच्या खाली गुतला व्हता. म्या खाली आले आन पुन्हा वर गेले तर तुमी सुटे उभे. सुटला कसं?"

ग्यानबाने फेटा काढून बाजूला ठेवला. त्याने तिचं मनगट धरलं, स्वतःच्या काखेत घेतलं आणि कोपर कुठे आलं, वजन कुठे टाकलं, चंद्रभानचा पंजा कुठे सैल पडला, हे तिला करून दाखवलं. एकदा दाखवून तिला नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा दाखवलं. मग तो पहिल्या सलामीपासून सांगायला लागला. पोरगं ताकदीचं आहे पण घाई करतं. डाव्या बाजूने येणार, हे त्याच्या खांद्यावरून आधीच कळतं. केवळाबाई मधे मधे सांगायची की हे मला दिसलं, हे नाही दिसलं, आणि जे दिसलं नाही तिथे तो थांबून जास्त सांगायचा. कमलबाईंनी आपला हात घट्ट धरून ठेवला होता हेही तिने सांगितलं, आणि ते ऐकून तो हसला. लिंबाजी ऐकत होता. त्याने नंतर गावात सांगितलं की ग्यानबाला इतकं बोलताना मी लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर, ज्वारीच्या शेतांमधून जाताना, ग्यानबा म्हणाला, "औंदा शेवटची व्हती. तुला सांगायचं राहूनच गेलं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "कामून सांगितलं न्हाई?"

"तू कधी इच्यारतच न्हाईस," तो म्हणाला.

हे ऐकून तिला आधी राग आला, मग हसू आलं. तिने त्याला ते पहिलं वर्ष आणि ते "झाली" आठवून दिलं. त्याला ते मुळीच आठवत नव्हतं. उलट, बायकोला कुस्तीतलं काही आवडत नाही, तेल चोळणं सोसते एवढंच पुष्कळ, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

जत्रा संपली. दिनकररावांच्या घरी काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही, पण पुढच्या साली जत्रेच्या आधी त्यांनी माणसं लावून माळाच्या कडेच्या बाभळी एका बाजूने तोडून घेतल्या. त्या जागी खळग्याकडे तोंड करून पायऱ्यांसारखी माती बसवली, वर एक मांडव घातला, आणि बाया इथे बसतील असं दवंडीत सांगितलं. काही म्हाताऱ्यांनी कुरकुर केली. पण बायका बसणार म्हटल्यावर गडी आपसूक वेळेवर फडात आले, आणि हलगीवाल्यांना कुणाला हाका माराव्या लागल्या नाहीत. कासारांनी आपली दुकानं मांडवाच्या मागेच लावली. बन्सीधरचा पाळणा त्याही साली आला, त्यालाही रांग होती, पण कुस्त्यांच्या वेळेला ती बरीच आखूड व्हायची. लिंबाजीने चार पेट्यांच्या सहा केल्या.

ग्यानबा त्या साली लढला नाही. पंचांनी त्याला आपल्यात घेतलं आणि तो पांढरं मुंडासं बांधून फडाच्या मधे उभा राहिला. केवळाबाई घोंगड्यांचं गाठोडं घेऊन मांडवात पुढेच बसली, कमलबाईंच्या शेजारी. घोंगड्या तिथंच जास्त खपल्या, कारण दुपार कलली की ओढ्यावरून गार वारा सुटायचा. शेवटच्या कुस्तीचा निकाल ग्यानबाने चंद्रभानच्या बाजूने दिला. संध्याकाळी घरी जाताना केवळाबाईने त्याला ऐकवलं की दुसऱ्याची पाठ काही पुरती लागली नव्हती, तुमी घाई केली. ग्यानबाला ते मान्य नव्हतं. धनगरवाडा येईतो दोघं त्यावर भांडत होती, आणि वाटेत रानातून सोबत घेतलेली मेंढरं पुढे चालता चालता दोनदा लोकांच्या ज्वारीत शिरली.